दादानं दाखवलेलं कॉर्क

१३ मार्च २०११, रवि. सरे, कॅनडा

सकाळी आईचा फो. सुशीचं लग्न पक्कं झालं. मे महिन्यात, विट्यातच. म्हटलं येतो. आई म्हणाली, "तू नको." मला वाटलं लाईन बिघडली. म्हणाली, तुला रजा एकदाच मिळणार, ती आयर्लंडला घाल. दादाला उठवून आण. फोनवर हो हो म्हणतो आणि ठेवून देतो. तू समोर जाऊन बसलास तर उठेल.

मागनं सुशी ओरडत होती. दोघांतला एक तरी भाऊ पाठवा, नाहीतर नवऱ्याचा कान पिळायला भाड्यानं आणू का कुणाला.

तात्या तिथंच असणार. खोकला ऐकू आला. फोनवर आले नाहीत. दादानं कॉर्कमधल्या नोराशी लग्न केल्यापासून आपल्या थोरल्या पोराचं नाव घेत नाहीत. त्याचा विषय असला की माझ्याशी पण बोलत नाहीत.

१६ मार्च, बुध.

मालकाकडं, पाजींकडं, रजा मागितली. जुनं सोनं आटवायला घेतलं होतं. मूस भट्टीतनं उतरेपर्यंत थांबले.

"किस की शादी?"
"बहन की."
"तो इंडिया जाएगा."
"नहीं, आयरलैंड."
"शादी आयरलैंड में?"
"नहीं, शादी इंडिया में."

माझ्याकडं बघत राहिले. समजावून सांगायला गेलो तर हिंदीत ते आणखीनच येड्यासारखं वाटायला लागलं. एप्रिलचा पहिला आठवडा दिला. त्यानंतर वर्षभर रजेचं नाव काढायचं नाही.

२७ मार्च, रवि.

पत्रिका आल्या. मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये राहतो त्या नागपूरच्या देशमुख वहिनींना वर जाऊन एक दिली. दादाची तशीच बॅगेत ठेवत होतो तर म्हणाल्या, "उघडी काय घेऊन चाललास रे, पाकिटावर नाव टाक ना, शोभून दिसते." माझं अक्षर मलाच लागत नाही. आठवीनंतर शाळा सुटली, अक्षर त्याच्या आधीच. मग त्यांनीच लिहून दिलं, श्री. व सौ., छापल्यासारखं. कोपऱ्यांना मी हळदकुंकू लावलं. त्यांचा ईशान म्हणतो, "मॉम, इज दॅट केचप?"

व्हिसा झालाय. कारण लिहिलंय टुरिझम.

२ एप्रिल, शनि. कॉर्क

पोचलो. व्हँकूवर, लंडन, कॉर्क. काउंटरवरच्यानं विचारलं, काय काय बघणार. मला एकच नाव पाठ होतं, ब्लार्नी. हसला, शिक्का मारला.

दादा आला होता. पोट सुटलंय, पुढचे केस गेलेत. बॅग उचलली आणि चालायला लागला. नोरा गाडीत. "हाऊ आर यू, बॉय?" मी काय बॉय? दादा म्हणाला इथं सत्तरीच्या माणसाला पण बॉयच म्हणतात. घर चढावर. सगळं गावच चढावर आहे.

जेवणं झाल्यावर पत्रिका काढली. उभं राहून, दोन्ही हातांनी दिली. दादानं पाकीट बघितलं. उघडलं नाही.

"हे काय?"
"सुशीची पत्रिका."
"ते दिसतंय. मला कशाला?"

त्यानं पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"घरातल्याला आवतण देतात का रे बाळ्या? पत्रिका पाहुण्याला देतात."

म्हटलं आत बघ की. निमंत्रकांत तुझं नाव छापलंय, तात्यांच्या खालीच. तात्यांनीच घालायला लावलं.

"मग बाहेर पाकिटावर कुणी घातलं?"

नागपूरच्या वहिनींनी, असं काय सांगणार.

त्यानं पाकीट टीव्हीशेजारी ठेवलं. म्हणाला, "बरं. मी पाहुणा, तर तू पण पाहुणा. पाहुण्याला गाव दाखवायची पद्धत आहे. उद्यापासून दाखवतो."

चेष्टा करत असेल.

३ एप्रिल, रवि.

चेष्टा नव्हती. सकाळी कॅमेरा गळ्यात घालून दारात उभा. नोरा म्हणाली, माझ्याबरोबर कधी पार्कात पण येत नाही.

ब्लार्नीचा किल्ला. आत गोल जिना, अरुंद, ओला. पुढच्याच्या बुटाकडं बघत चढायचं. गच्चीवर भिंतीत एक दगड. उताणं झोपायचं, डोकं खाली सोडायचं, एक म्हातारा कमरेला धरतो, आणि दगडाचा मुका घ्यायचा. घेतला की माणसाला गोड बोलायला येतं म्हणे. ही रांग. पुढच्या सगळ्यांनी घेतला. म्हटलं दादा, उष्टा दगड आहे.

"पाहुण्यानं नाही म्हणायचं नसतं."
"तू घेतलायस?"
"मला कुठं बोलायचंय."

घेतला. गार, शेवाळाचा वास. दादानं काढलेल्या फोटोत माझ्या नुसत्या नाकपुड्या आल्यात.

उतरल्यावर विषय काढला. म्हटलं, दादा, मे मध्ये.

"आधी बाग बघ. तिकिटात आहे."

बाग बघितली.

४ एप्रिल, सोम. पाडवा

सकाळी आईचा फो. गुढी उभारली, पोळ्या केल्यात. "विचारलंस का?" म्हटलं विचारतोय. "काल काय केलं?" किल्ला बघितला. आई म्हणाली, "किल्ला बघायला पाठवलाय का तुला?"

दादा दुपारपर्यंत दुकानात, मला पण नेलं. मोडीचं सोनं घेतात. इथं मंदी, घरातलं आणून विकतात. एका म्हाताऱ्यानं अंगठी दिली, दोन हात, मध्ये बदाम, वर मुकुट. दादानं ती कसोटीच्या दगडावर घासली, आणि तो जाईपर्यंत बाकीच्या मालात टाकली नाही. ही रीत तात्यांची. गिऱ्हाईक दुकानात असेपर्यंत त्याचा दागिना ढिगात टाकायचा नाही.

दुपारनंतर शँडनचा मनोरा. घड्याळं चार बाजूंना चार, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. टोकावर सोनेरी मासा, वारा दाखवतो. आम्ही दोघं रस्त्यात मान वर करून उभे.

"वर्ख," दादा म्हणाला.
"वर्खच. पण हात सढळ आहे."
"हं."

आल्यापासून पहिल्यांदा एकमत.

वर दोऱ्या आहेत, आपण ओढायच्या, घंटा वाजतात. दोऱ्यांना नंबर, समोर कार्डावर नंबर लिहिलेले, तसे ओढले की गाणं होतं. दादा नंबर सांगायचा, मी ओढायचो. मधेच मी चुकीची दोरी ओढली, मग त्यानं पण चुकीचा नंबर सांगितला, सगळ्या गावावर आमचा गोंधळ. दादा पोट धरून हसला. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. पण आवाजासाठी दोघांच्या कानांवर झाकणं दिली होती.

५ एप्रिल, मंगळ.

इंग्लिश मार्केट. छपराखाली बाजार, मासे, मटण, चीज. एका दुकानात वजडी, जनावराच्या पोटाची, धुतलेली, पांढरीफेक. मी हरखलो. इथले लोक ती कांदा घालून दुधात शिजवतात. दुधात.

घेतली. मी आणलेला आईचा कांदालसूण मसाला दादानं डबा उघडून नुसता हुंगला, मग झाकण लावलं, मग परत उघडला. स्वयंपाक त्यानंच केला. नोरा खाताना घामाघूम, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

दादा दुकानात गेल्यावर तिनं विचारलं, तो पाकीट का उघडत नाही? माझ्या इंग्लिशमध्ये सांगितलं. गेस्ट, कार्ड. फॅमिली, नो कार्ड.

"सो ही इज सल्किंग."

म्हणजे काय विचारलं तर गाल फुगवून दाखवले. बरोबर. रुसलाय. लग्नात जावई रुसतो हे ऐकलंय, नवरीचा भाऊ रुसलेला पहिलाच.

मग तिनं हळूच विचारलं, मला कुणी बोलावलंय का? म्हटलं पाकिटावर आहे की, श्री. व सौ. सौ. म्हणजे यू. तिनं पाकीट काढून आणलं. कुठलं अक्षर ते दाखवायला लावलं. त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली. म्हणाली, तुझ्या घरातनं माझं नाव लिहून आलेलं हे पहिलंच.

आता हिला कसं सांगू की घरातनं नाही, सरेतनं. नाही सांगितलं.

६ एप्रिल, बुध.

किनसेल. आणखी एक किल्ला. समुद्र, वारा, पाऊस आडवा. दादा तटावर उभा राहून तोफा कुठं होत्या ते सांगतोय. विषय नाही. काढला तर "पाहुणं, इकडनं फोटो चांगला येतो."

नुसतं बघत हिंडायचं माझ्याच्यानं होत नाही. हाताला काम नसलं की वाईट सुचतं. कॅनडातच रेजिना गावाला एक सोनार मला बोलावतोय, तिकडं जावं का. तिथं थंडी मरणाची म्हणतात. सरेत पण किती दिवस.

परवा परत जायचंय.

७ एप्रिल, गुरु. कोव्ह

रेल्वेनं. खाडीच्या पाण्यातनं जाते. स्टेशनातच म्युझियम. इथनं बोटी सुटायच्या, अमेरिकेला, कॅनडाला. बोटीत ओकणारी माणसं करून ठेवलीत, खरी वाटतात. एका बोर्डापाशी दादा थांबला. मला वाचायला वेळ लागतो म्हणून त्यानंच सांगितलं. कुणी जायचा असला की आदल्या दिवशी सगळे घरी जमायचे, नाचायचे, प्यायचे, आणि मयताला बसतात तसे बसायचे. परत येणार नाही हे धरलेलंच.

"जिवंत माणसासाठी?"
"जिवंत."

बाहेर बंदरावर एका पोरीचा पुतळा. दोन भाऊ सोबत. पोरगी मागं बघतेय. दादानं त्याचा फोटो काढला नाही.

बाकावर बसून चिप्स खाल्ले, व्हिनेगर टाकलेले. तिथं मी सांगून टाकलं. मी लग्नाला जाणार नाही.

"का?"
"रजा एकच होती. ती इथं घातली."
"कुणी सांगितलं घालायला?"
"आईनं."

त्याचा हात थांबला.

"म्हणजे मांडवात तू नाहीस."
"नाही."
"आणि ती रजा दगडाचे मुके घेण्यात घालवलीस."
"दगड तू दाखवलास."

समुद्रपक्षी चिप्सवर टपलेले. एक तर बाकावरच येऊन बसला.

"येडा आहेस."
"आहे."
"आई पण येडी आहे."

मग उठला. म्हणाला, वर चर्च आहे, मोठं आहे, चल. म्हटलं मी नाही बघत. या आठवड्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. एकटाच चढून गेला. कितीतरी वेळानं खाली आला.

"कसं होतं?"
"बघितलं नाही. बाहेर बसलो होतो."

परत येताना गाडीत दोघं खिडकीतनं बघत होतो, तो त्याच्या, मी माझ्या.

८ एप्रिल, शुक्र.

एअरपोर्ट. नोरानं मिठी मारली, कानात म्हणाली साडी नेसायला किती वेळ लागतो? दादा ऐकत होता. मला म्हणाला, "जेवत जा नीट. बेसमेंट सोड आधी, ओल असते." म्हटलं आणि लग्नाचं? म्हणाला, "तुझं गेट लागलंय बघ."

घरातनं निघताना बघितलं होतं. टीव्हीशेजारी पाकीट नव्हतं. नोरानं घेतलं का त्यानं, माहीत नाही. विचारलं नाही.

१० एप्रिल, रवि. सरे

आईचा फो. "येतो म्हणाला का?"
"नाही असं म्हणाला नाही."
"मग एवढे दिवस बोलत काय होता?"
शँडनच्या घंटा, वजडी, बोटी, सगळं सांगितलं. आईनं सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, वजडीला मसाला पुरला का.

नोराचं सौ.चं पण सांगितलं. सांगावं का नको करत होतो. आई म्हणाली, "बरं लिहिलंस." मी लिहिलं नाही म्हटलं. "ज्यानं लिहिलं त्यानं."

देशमुख वहिनींनी विचारलं, पाकीट आवडलं का? म्हटलं लई.

१६ एप्रिल, शनि.

सकाळी आवरत होतो तर दादाचा फो. तो आपणहून कधी करत नाही.

"जेवणाला आचारी कोण सांगितलाय?"

म्हटलं गणपा असेल, दरवेळी तोच असतो.

"गणपा नको. हजार माणसांत त्याचा भात लागतो खाली. आणि पाहुणे उतरायचे कुठं? शाळा मागितलीय का? सुट्टीत हेडमास्तर गावाला जातो, आधी गाठायला लागतं. तात्यांच्यानं होणार आहे का एवढी पळापळ? कुणी बघतंय का नाही तिकडं?"

"तू सांग की तात्यांना."
"माझा फोन घेतात का ते?"
"मग मी काय सांगू?"
"गणपा नको म्हणून सांग."

ठेवला. येतोस का, हे मी विचारलंच नाही. मधे शिरायला जागाच दिली नाही.

लगेच विट्याला लावला. आईला म्हटलं, दादा म्हणतोय आचारी गणपा नको. तिनं तसंच मोठ्यानं मागं सांगितलं. मग खोकला. तात्या.

"गणपा नको, तर मग कोण? नुसतं नको म्हणून भागतं का? विचार त्याला."

"विचारतो."

"आणि शाळेचं झालंय म्हणावं. तेवढं कळतं मला."

फोन आईकडं दिला. ती रडत होती का हसत होती कळलं नाही. म्हणाली, आधी त्याला लाव.

दादाला लावला. वाजतोय, उचलत नाही. दुकानात गिऱ्हाईक असेल. कामावर पोचलो, पाजींच्या दोन हाका झाल्या, भट्टी पेटवायचीय. परत लावतोय.