आशीर्वचनाच्या वेळी

प्रिय पप्पा,
सप्रेम सलाम.

रविवारी तुम्ही न सांगता उपासनेला आलात आणि दाराजवळ शेवटच्या रांगेत बसलात. मला दिसणार नाही असं वाटलं असेल. पण आमचं नवं चर्च नाचाच्या क्लासच्या हॉलमध्ये भरतं. जेमतेम एकोणीस माणसं, त्यात तीन तान्ही. इथे लपणार कुठे?

माझा उपदेश चालू असताना आमच्यातल्या एका नर्सबाईंनी मधेच विचारलं, "मग माझ्या नवऱ्याला देवानं बरं का नाही केलं?" मी म्हणाले, मला माहीत नाही. तुम्ही घड्याळ पाहिलंत. चाळीस वर्षं पाळक होतात, पण "माहीत नाही" असं कधी कुणाला म्हणाला नाहीत.

माझ्या पाळकपदाच्या दीक्षेला तुम्ही आला नव्हतात. "बाईनं दिलेला आशीर्वाद लागू पडत नाही," असं आईजवळ म्हणालात. आईच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

उपासनेच्या शेवटी, आशीर्वचनाच्या वेळी सगळे डोळे मिटतात, पाळकानं उघडे ठेवायचे, हे तुम्हीच शिकवलंत. मी हात वर केले आणि डोळे उघडे ठेवले. तुम्ही चष्मा काढून मान खाली घातली होती. 'आमेन' होईपर्यंत ती वर केली नाहीत.

विचारलं तर म्हणाल, मान अवघडली होती. म्हणून विचारणार नाही, आणि हे पत्रही टाकणार नाही. फक्त दाराजवळ वारा लागत नाही, म्हणून स्टँडचा पंखा तिकडे सरकवून ठेवला आहे.

तुमची,
धाकटी