मुलांचे रविवार कोणाच्या हवाली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चव्वेचाळीस, शिक्षण बी.एस्सी., व्यवसाय चष्म्याचे दुकान, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मनाने लिहून ठेवते. येत्या बुधवारी माझे पित्ताशय काढायचे आहे. सर्जन म्हणतात, "किरकोळ आहे हो." माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. नणंदबाई शेजारच्या खोलीत येऊन बसल्या आहेत हे खरे, पण दार मी आतून लावून घेतले आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे वाक्य लिहिताना थांबून मी ते खरे आहे का असे स्वतःला विचारले. जिला असा प्रश्न पडतो तिची बुद्धी ठिकाणावर असावी, असे धरून पुढे जाते.

कलम १. राहत्या घरातला माझा हिस्सा माझ्या पतींना मिळावा. ते शाळेत भूगोल शिकवतात. न्हाणीघराचा नळ गळू लागल्यास त्यांनी प्लंबरला बोलवावे. पाना स्वतः हातात घेऊ नये. मागच्या वेळी काय झाले ते खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या छतावर अजून दिसते.

कलम २. दुकान, काचा घासण्याचे यंत्र, बारीक पेचकस आणि अक्षरांचा तक्ता हे सर्व माझ्या सहकारी बाईंना द्यावे. त्यांना गिऱ्हाइकांची नावे आठवत नाहीत, चष्म्याचे नंबर मात्र तोंडपाठ असतात. यंत्र समोरच्या दुकानदाराला कोणत्याही किमतीला विकू नये. मी डोळे तपासताना फार प्रश्न विचारते, असे तो लोकांना सांगत असतो. विचारते. "हे स्पष्ट दिसतं की ते?" म्हटल्यावर माणूस पुष्कळदा मला बरे वाटावे म्हणून "हे" म्हणतो. म्हणून मी पुन्हा विचारते. तरीही तो म्हणतो त्यात तथ्य असेल का, यावर मी बराच विचार केला आहे. यंत्र देऊ नये.

कलम ३. बँकेतली बचत दोन्ही मुलांना सारखी वाटावी. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी सात. त्यांना यापुढे थोरला आणि धाकटी म्हटले आहे.

कलम ४. लॅपटॉप माझ्या आईला द्यावा. ती दुसऱ्या शहरात राहते आणि गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नाही. चर्चची रविवारची उपासना ती फोनच्या एवढ्याशा पडद्यावर पाहते, पण इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट विंचरून. आशीर्वचनाला ती उभी राहते. त्यासाठी तिला शेवटच्या गीताच्या दुसऱ्या कडव्यापासूनच उठायला सुरुवात करावी लागते. तिला मोठा पडदा मिळावा. यावरून स्पष्ट व्हावे की पुढच्या कलमांत जे लिहिले आहे ते पडद्याविरुद्ध नाही.

आमचे तसे नव्हते. साथीच्या काळात चर्चचे दार बंद झाले तेव्हा आम्ही पडद्यावर गेलो. पुढे दार उघडले, मंडळी परतली, आम्ही सोफ्यावरच राहिलो. कॅमेरा बंद, माइक बंद. शास्त्रपाठ चालू असताना माझे पती पेपर तपासत. उपदेशाच्या वेळी मी कपड्यांच्या घड्या घाली, मात्र दोन्ही कान पाळकसाहेबांकडे असत, असा माझा समज होता. प्रभुभोजनाच्या रविवारी आम्हा दोघांसाठी चर्चमधल्या भाकरीऐवजी बिस्किट आणि द्राक्षाचा रस मांडण्याचे काम धाकटीचे. एकदा तिने विचारले, "क्रीमचं चालेल?" हे म्हणाले "चालेल", मी म्हणाले "नाही", आणि आमचे एकमत होईपर्यंत पाळकसाहेब दानार्पणावर पोचले होते.

कलम ५. शिवणयंत्र नणंदबाईंना द्यावे. त्या निवृत्त परिचारिका आहेत, माझ्या पतींहून मोठ्या, आणि चर्चमध्ये दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. आमच्या घरी आल्या की त्या लॅपटॉपकडे बोट दाखवून विचारत, "काय गं, लागला का तुमचा देव चार्जिंगला?" हे वाक्य त्यांनी माझ्या माहेरच्या माणसांसमोरही म्हटले आहे. मी ते विसरलेले नाही. तरीही शिवणयंत्र त्यांनाच द्यावे, कारण ते वापरता येणारे दुसरे कोणी नाही.

कलम ६. हे कलम या कागदाचे मुख्य कारण आहे. माझे काही बरेवाईट झाले तर मुलांच्या रविवारांचे, म्हणजे त्यांच्या श्रद्धेचे, कोणी बघायचे? माझ्या पतींना विचारले तर म्हणाले, "चालू आहे की सगळं व्यवस्थित." किती व्यवस्थित चालू होते ते पुढे नोंदवते.

थोरल्याच्या संघाची फुटबॉल मॅच रविवारी सकाळी ठरू लागली आणि वेळ उपासनेशी भिडली. लॅपटॉप लावण्याचे काम त्याचेच. त्याने जाहीर केले, "आजपासून उपासना एक तास आधी आहे." हे म्हणाले, "चला, पाळकांना बुद्धी सुचली." त्यानंतर कित्येक रविवार थोरला आम्हाला एकच जुनी साठवलेली उपासना लावून देत होता. तेच गीत, तोच शास्त्रपाठ, मध्येच येणारा तोच खोकला. कोणाच्याही लक्षात आले नाही. मी दर रविवारी उपदेशातून काय शिकले ते रोजनिशीत लिहिते. दर रविवारी मला काहीतरी नवीन सापडले. एकदा हे म्हणाले, "आज छान बोलले. गेल्या वेळी जरा लांबलं होतं."

मन लावून ऐकत होती ती एकटी धाकटी. त्या उपासनेत पाळकसाहेब सांगत, "आपले घड्याळवाले शिडीवरून पडून अंथरुणाला खिळले आहेत, त्यांची आठवण ठेवा." धाकटीने ठेवली. ना ओळख ना पाळख, पण ती रोज सकाळी त्यांच्यासाठी देवाकडे मागायची. पुढे क्रीमची बिस्किटेही सोडली. मला वाटले, दात दुखत असेल.

मग एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने प्रार्थनेसाठी हातच जोडले नाहीत.

"कर ना गं, सूप निवतंय," तिचे बाबा म्हणाले.

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"कोणाशी? दादाशी?"

"देवाशी. घड्याळवाल्या आजोबांसाठी मी किती मागितलं. आणि पाळक दर रविवारी तेच सांगतात, अजून अंथरुणावर. तो ऐकतच नाही. बहुतेक म्यूटवर आहे."

थोरल्याला पाणी पिता पिता ठसका लागला. मी चमचा खाली ठेवला आणि देवाच्या मौनावर बराच वेळ बोलले. त्याची वेळ निराळी असते, धीर धरावा लागतो, वगैरे. माझे मलाच ते बोलणे पटत होते. धाकटीने सगळे ऐकून घेतले आणि सूप प्रार्थनेशिवाय प्यायली. हात न जोडता एवढी शांतपणे जेवणारी ती मुलगी पाहून मी माझे सूप तसेच बाजूला सारले.

तेवढ्यात नणंदबाई आल्या. विषय कळताच म्हणाल्या, "कोण अंथरुणावर? घड्याळवाले? अगं, परवाच्या रविवारी माझ्या खुर्चीवर बसले होते! उठा म्हटलं तर म्हणे पाय दुखतो. आणि बस दिसल्यावर कसे पळाले!"

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिले. तो ताटात काहीतरी शोधू लागला. शेवटी म्हणाला, "मला वाटलं, दुसऱ्याच रविवारी पकडला जाईन. पण बाबाच म्हणाले, आज छान बोलले."

माझे पती ठसक्याशिवायच लाल झाले. मी नणंदबाईंच्या "मी म्हटलं नव्हतं?" ची वाट पाहत होते. त्यांनी तोंड उघडलेही होते. पण धाकटी मध्येच म्हणाली, "म्हणजे त्याने आधीच बरं केलं होतं? मग सांगायचं ना मला!" आणि रडायला लागली.

नणंदबाईंनी तोंड मिटले. "ऊठ," त्या म्हणाल्या. "चपला घाल."

मीही त्या दोघींमागून निघाले. घड्याळवाल्यांचे दुकान बंद व्हायला आले होते. धाकटीने त्यांना आपादमस्तक न्याहाळले.

"तुम्हीच पडला होता?"

"मीच. का बरं?"

"चालून दाखवा."

डोळ्यावरचे भिंग काढून ते काउंटरमागून बाहेर आले, दारापर्यंत गेले, परत आले.

"थोडं लंगडता."

"ते जुनं आहे बाळ. लग्नाआधीपासूनचं."

"मग ठीक. ते मी मागितलं नव्हतं." पुन्हा त्यांच्या पायांकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही बरे झाल्यावरपण मी मागत होते. ते सगळं फुकट गेलं ना?"

ते स्टुलावर बसले. "मी पडून होतो ना, तेव्हा वाटायचं, एवढी मोठी मंडळी, पण कोणाच्या लक्षातही नसेन," ते म्हणाले. "दोनच माणसं आली. एक विम्याचा एजंट. दुसरी ही तुझी आत्या. रोज येऊन व्यायाम करायला लावायची, रडवायची अक्षरशः. तू मागतेस हे कुठं ठाऊक होतं मला? फुकट नाही गेलं. जमा असू दे. मला लागणारच आहे."

नणंदबाई म्हणाल्या, "पाय बरा झाल्यावर खुर्ची सोडायची असते, एवढं लक्षात ठेवा."

परतताना धाकटीने विचारले, "आत्या, देव खरंच ऐकतो?"

नणंदबाईंकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार असते. या वेळी त्यांनी आधी कोपऱ्यावरच्या दिव्याखाली वाकून धाकटीच्या चपलेचा पट्टा नीट केला. "काय सांगू तुला," त्या म्हणाल्या. "मला कधीकधी वाटतं, नाही ऐकत. मग मी उठते आणि त्या माणसाला बघून येते."

देवाच्या मौनावरच्या माझ्या लांबलचक भाषणापेक्षा हे बरे होते. मला ते कबूल करायला दोन दिवस लागले. सबब, माझ्या पश्चात मुलांचे रविवार नणंदबाईंच्या हवाली करते. अटी अशा. उपासनेत चुळबूळ केली म्हणून मुलांना चिमटा काढू नये. "मोठी झालीस की कळेल" हे उत्तर देऊ नये. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे, ते त्यांना जमते हे मी ऐकले आहे. चार्जिंगचा विनोद बंद. आणि थोरल्याचे फुटबॉल सोडवू नये. मॅचची वेळ बदलून घ्यावी. संघाचा कप्तान पाळकसाहेबांचाच मुलगा आहे, आणि तो इतके दिवस चर्च कसे चुकवत होता हा प्रश्न पाळकसाहेबांना हळूच विचारावा.

कलम ७. वरील मसुदा वकीलसाहेबांना दाखवला. ते म्हणाले, "बाई, जे तुमच्या मालकीचं नाही ते मृत्युपत्रानं देता येत नाही."

मी म्हणाले, "श्रद्धा आहे हो माझी. थोडी आहे."

"असेल. पण एक विचारू? हे कलम तुमच्या पश्चात लागू होणार. म्हणजे पोरांनी चर्चला जायला तुमच्या मरणाची वाट बघायची?"

मी मसुद्याची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. घरी येऊन पतींना सांगितले तर म्हणाले, "मीही तेच विचारणार होतो. पण तुझं लिहिणं चाललं होतं." मग जरा वेळाने म्हणाले, "पेपर मी शनिवारीच तपासून टाकतो."

नणंदबाईंना विचारायला दार उघडले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "दुसऱ्या रांगेत चार खुर्च्या धरून ठेवते. कडेची माझी."

तरी कलम ६ अटींसकट रद्द करते. ज्या कामासाठी मरायची गरज नाही ते मृत्युपत्रात राहू नये. बाकीची कलमे कायम. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि बुधवारी सर्जन म्हणतात तसेच झाले तर हे पुष्कळ वर्षे कपाटात पडून राहो.

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणारीने पूर्ण शुद्धीत, मध्ये दोनदा खाडाखोड करून सही केली:

साक्षीदार पहिला: शेजारचे दंतवैद्य (सही)
साक्षीदार दुसरा: खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांच्या छताचा उल्लेख कलम १ मध्ये आहे आणि तो त्यांना मान्य आहे (सही)

लिहून देणार: (सही)

ठिकाण: जेवणाचे टेबल
दिनांक: शनिवार, दुपार. उद्यासाठी चौघांचे बूट पुसायचे आहेत, म्हणून येथे थांबते.