अब्बांची तीच एक आयत

गुरुवार, संध्याकाळ

आज मी अब्बांवर ओरडले. साठ वर्षं ज्यांना अख्खं कुराण तोंडपाठ होतं, मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांकडून ज्यांनी ते पाठ करून घेतलं, त्यांच्यावर.

अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले, रोज त्यांच्याकडून पाठ म्हणवून घ्या. म्हणून शाळेतून आले की कुराण उघडून मी समोर बसते. आज पुन्हा तीच आयत, तीच ओळ. कुराणाच्या दोन अध्यायांत, दोन सूरांमध्ये, तिची सुरुवात सारखीच आहे, आणि अब्बा तिथून भलत्याच सूरेत शिरतात. तीनदा टोकलं, तीनदा शिरले. शेवटी मी म्हणाले, "कुराण जपायची जबाबदारी अल्लानं स्वतः घेतलीय, असं तुम्हीच शिकवलंत ना? मग तुमच्यातनं का निघून चाललंय?"

असं कसं बोलले मी?

अब्बा शांतपणे म्हणाले, "बेटी, उसने वादा किताब का करा. मेरा नै."

बरोबरच आहे. जगात लाखो लोकांना पाठ आहे, एक अक्षर हलणार नाही. कबूल. पण त्या लाखोंचं मी काय करू? मला ती आयत अब्बांच्या आवाजात हवीय. तो कुणी जपायचा?

मग त्यांनी माझ्यासमोरचं कुराण मिटलं. "अब तू बोल. मैं सुनतूं."

मला शेवटच्या छोट्या सूराच येतात. पहिल्याच ओळीत त्यांनी माझा उच्चार दुरुस्त केला. मग पुन्हा केला, मोहल्ल्यातल्या पोरांचा करायचे तसाच. चिडले मी, पण मुकाट्यानं पहिल्यापासून म्हणायला लागले.