दोघांची खोली

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! रोपवेच्या पाळण्यात मी एकटाच. बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला एवढी रिकामी गाडी बघवत नाही. 'पुढे सरका' म्हणायचं तरी कोणाला? हॉटेल अगदी डोंगरमाथ्यावर, चहूबाजूंना दरी. खोली आमच्या अख्ख्या घराएवढी, पलंगावर टॉवेलचे दोन हंस. लेकीने हे बुकिंग आम्हा दोघांसाठी केलं होतं, तिची आई जाण्याआधी. लेक ते रद्द करायला निघाली होती, मीच म्हटलं, राहू दे, तुझ्या आईच्या वाटचंही बघून येतो. मॅनेजर मोठा अदबशीर. म्हणाला, नोंद दोघांची आहे, तर सगळं दोघांचंच ठेवू. बरं वाटलं.

४ नोव्हेंबर
नाश्त्याला दोन कप चहा आले. माझा संपवून पाहतो तो दुसराही अर्धा झालेला, बशीत ओतून प्यायलेला. ही तशीच प्यायची. वेटरला विचारलं तर म्हणाला, बाईंना आवडला वाटतं. त्याच्यावर खेकसलो. मग खोलीत येऊन पोटभर रडलो.

५ नोव्हेंबर
दुपारी गॅलरीत धुकं शिरलं. खुर्चीत ही पाठमोरी बसलेली. तीच मान, तोच सैल अंबाडा. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. आठ महिन्यांचं साठलेलं बोलून घेतलं. लग्नाआधी ती माझ्या बसमध्ये छत्री विसरली, ती काखोटीला मारून मी आठवडाभर तिची वाट बघितली, सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग?" मी सांगत गेलो.

६ नोव्हेंबर
खोली आवरणाऱ्या मावशींनी आज दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, दादा, तिच्याशी बोलू नका. ती तुमचं माणूस नव्हे. जे सांगाल ते ती घेते, तुमच्याकडे काही उरत नाही. मी हसण्यावारी नेलं. नंतर कालचं पान वाचलं.
छत्री? कसली छत्री?
तरी संध्याकाळी पाय गॅलरीकडेच वळले. न जाऊन करू काय? तिथे ती आहे.

७ नोव्हेंबर
वारा सुटलाय, रोपवे बंद. लेकीचा फोन आला. बाळ झोपत नाही, आई कोणती अंगाई म्हणायची, विचारत होती. आठवेना. कालच सांगून बसलो असणार. आठवत नाही म्हटलं लेकीला. ती तिकडे रडायला लागली.

८ नोव्हेंबर
आज ती वळली. हुबेहूब. भुवईवरचा व्रणसुद्धा — तो कशाचा, ते तिनेच मला सांगितलं. मला! माझ्याच बायकोची गोष्ट, परक्याला सांगावी तशी —

९ नोव्हेंबर
नाव गेलं. हिचं नाव. लेकीला विचारायची लाज — फोनही लागत नाही.
एकच उरलंय. दवाखान्यातलं, शेवटचं. ते नाही सांगणार. लिहून ठेवतो, कागदावर तरी —
मागे उभी आहे. वाचतेय.
पटकन — दवाखान्यात तिने माझा हात धरला, जवळ ओढलं आणि म्हणाली, अहो,