न बुडवलेलं गाठोडं

१४ मार्च १९५८, पांढरकवडा

खोटं बोललो. तेही एका म्हाताऱ्या बाईशी, तेही कुराणाच्या पानांवरून.

फुलसावंगीच्या सुग्राबीनं मागच्या महिन्यात एक गाठोडं दिलं. तिचे सासरे मौलवी रौशनसाहेब, त्यांनी कुराणाचा मराठी तर्जुमा, म्हणजे अनुवाद, केला, त्याचे हातचे मूळ कागद. सगळे मोडी लिपीत. एकोणीस वर्षं ज्यांच्या मागे मी फिरून राह्यलो, ते तिनं दिले — पण बुडवायला! "वाळवी लागली, मास्तर. पाक कलाम कोणाच्या पायाखाली आला तं गुनाह माझ्या डोक्यावर. पैनगंगेत ठंडे करून टाका."

हो म्हटलं आणि घरी आणून पेटीत ठेवले.

आज भेटली, तर पहिले तेच विचारलं. सांगितलं — केले ठंडे, खोल पाण्यात, फातेहा पढून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता सुखानं मरीन," म्हणाली. मला तिथं उभं राहवेना.

१५ मार्च

अकीलाला सांगितलं. बायकोपासून काय लपवायचं. "काहून ठेवले?" — अभ्यासासाठी. "कोणाच्या?" मी जेवत राहिलो.

२ जून

पानं लावून झाली. एकेका आयतीचे, एकेका वचनाचे, तीन-तीन खर्डे. 'दयाळू' लिहिलंय, खोडून 'मायाळू', तेही खोडलंय. माणूस किती झुरला असेल एका शब्दासाठी! दिवसभर आनंदात होतो. मग लाज वाटली.

कुराणाच्या तीस पाऱ्यांपैकी, भागांपैकी, पंधराच आहेत. उरलेले सुग्राबीकडेच असणार. पण मागायचे तर आधी कबूल करावं लागेल की हे माझ्याकडे आहेत.

९ जानेवारी १९६०

कबूल करायचं म्हणून फुलसावंगीला गेलतो. चहा पिऊन परत आलो.

२१ नोव्हेंबर १९६१

बस झालं. उद्या जातो, सगळं सांगतो. तिनं शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. गाठोडं परत मागितलं तर देऊन टाकीन — हे लिहिताना हात थांबला, पण देईन.

२३ नोव्हेंबर

"खाला, एक सांगायचं होतं," सुग्राबीला एवढंच म्हणालो. तर तीच बोलू लागली. "बाकीचा गठ्ठा कणगीमागं होता, मास्तर. तुम्ही येवढं केलं, मंग मलेबी हिंमत आली. मागच्या जुम्म्याला मीच नदीवर नेऊन ठंडा केला."

मग हात उचलून तिनं माझ्यासाठी दुआ मागितली.

मी आमीन म्हटलं.