तळहातावरचा पट्टकदंब

बाई, आज सकाळी लेक मला गुरुग्रामच्या पुढच्या आपल्या तळ्यावर घेऊन गेली. दिवाळी होऊन आठवडा झालाय, हवेत अजून फटाक्यांचा धूर आहे आणि त्या धुरातूनच उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागलेत. तुम्ही गेल्यापासून मी एकटाच जायचो. आता मोतीबिंदूमुळे ती मला एकट्याला सोडत नाही.

तुमचा नियम तिला गाडीतच समजावला. पक्षी दिसला की बोलायचं नाही, आपापल्या तळहातावर पेनाने नाव लिहायचं, मग मुठी एकदम उघडायच्या. नाव जुळलं तरच आपल्या पक्ष्यांच्या वहीत. शाळेत कवितेच्या तासालाही तुमचं हेच असायचं. ओळ वाचून झाली की मनात काय दिसलं ते आधी लिहायचं, शेजाऱ्याकडे नंतर बघायचं. शाळा सुटली, मी सरकारी नोकरीत चिकटलो, पण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून रविवारी पहाटे स्कूटर काढून तुम्हाला घ्यायला येणं सुटलं नाही. तुम्ही मागे बसून मोठ्याने कविता म्हणायचात आणि सिग्नलला शेजारचा ऑटोवाला वळून वळून बघायचा.

आज दूर, पाण्याच्या कडेला एक पांढुरकं डोकं दिसलं. त्यावर दोन काळे पट्टे. निदान मला तरी दिसले. मी पट्टकदंब लिहिलं, आपला डोक्यावर पट्टे असलेला हंस. लेकीने मूठ उघडली तर तळहात कोरा. म्हणाली, "बाबा, मला तर सगळी बदकंच वाटतात. तुम्ही म्हणताय ना, मग तेच. बिल्कुल तेच असणार." दुर्बीण तिच्या मांडीवर होती, टोपणही न काढलेली. मग ऊन चढतंय, चलो, म्हणत तिने मला हाताला धरून उठवलं. प्रेमानेच. पण बाई, त्या अख्ख्या तळ्यावर माझ्याशिवाय कुणी नाही, असं वाटलं.

घरी आल्यापासून तुमचा शेवटचा हिवाळा डोळ्यांपुढे आहे. तुम्ही शाल लपेटून त्याच कडेला बसलाय. आपण मुठी उघडतो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिलीत तो पट्टकदंब तुमच्या तळहातावर आहे आणि माझ्या तळहातावर कलहंस, तो नेहमीचा, बिनपट्ट्यांचा. तुम्ही दोन्ही हात नीट बघता आणि हसता. "तुझे डोळे तरुण आहेत. राहू दे." पदराने शाई पुसता. वहीत ती ओळ आली नाही, आणि पुढच्या थंडीत तुम्ही नव्हता.

हे कागद त्याच वहीत ठेवून देतो, दुसरीकडे कुठे धाडणार? तुम्ही पट्टकदंब लिहिलात त्या दिवशी माझ्या घरी पाहुणे जेवायला यायचे होते. दुर्बीण मी डोळ्यांना लावली खरी, पण लक्ष घड्याळात होतं. बाईंना आता नीट दिसत नाही, त्या चुकणारच, असं धरून मी कलहंस लिहून मोकळा झालो होतो. पाण्याकडे मी बघितलंच नव्हतं, बाई.