खाल्लेल्या मतांची भरपाई

मी खोलमुरोद, वय चौऱ्याहत्तर, राहणार सफेददरा, गावचा माजी मीरोब, म्हणजे तीस वर्षे पाटाचे पाणी पाळीने सोडणारा आणि तितकीच वर्षे शिव्या खाणारा, कुणाच्याही दडपणाखाली न येता, स्वसंतोषाने हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. सून म्हणते, नाही. तिचे मत नोंदवून पुढे जातो.

१. राहते घर व गाय मुलगा दिलोवर यास. गाय लाथ मारते हे त्याला सांगू नये. कळेल.

२. माझे फावडे शाळामास्तर इनोयत यांस. मागे त्यांनी ते मागून नेले आणि दांडा मोडून आणून दिले. आता स्वतःचे मोडावे.

३. ओढ्यालगतची जर्दाळूची बाग. इथे जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

हल्ली डोंगरावरचा बर्फ एकदम वितळतो आणि चिखलाचा लोंढा गावात येतो. गेल्या वर्षी शहरातून मदतसंस्थेच्या दोन मुली आल्या. म्हणाल्या, "उपाय तुम्हीच ठरवा." अंगणात खडूने अख्खा गाव काढला आणि प्रत्येकाला राखेत भाजलेली जर्दाळूची एकेक बी दिली. लोंढ्याला माझ्या बागेतून वाट द्यायची, की वरच्या अंगाला भिंत घालायची? जे पटेल तिथे बी ठेवायची, तेच मत.

बायकांनी एकजात माझ्या बागेवर ठेवल्या! मी भडकलो. "माझीच बाग दिसली का गं तुम्हाला?"

खालच्या घरातली सबोहत म्हणाली, "मीरोबकाका, लोंढा काय तुमच्याकडे पाळी मागून येणार आहे?"

सगळे हसले. मी रुसून नकाशाकडे पाठ करून बसलो, तोही नेमका माझ्या बागेला टेकून. चहा आला. आता चहाबरोबर हाताशी भाजकी बी असली, तर आमच्याकडचा माणूस काय करील? बागेवरची पहिली बी सवयीने खाल्ली. बाकीच्या दहा मुद्दाम. टरफले खिशात घातली.

भिंत नऊ बियांनी जिंकली. गावाने राबून ती बांधली. मीही तोंड वर करून दगड वाहिले. यंदा एप्रिलात ती वाहून गेली आणि चिखल सबोहतच्या चुलीवरून चढला. ती नातीला घेऊन छतावर बसलेली. मला पाहून म्हणाली, "या काका, चहा घ्या. चूल तेवढी शोधा." मला फार लाज वाटली. तेव्हापासून घशाखाली बी उतरत नाही.

सबब बागेची ओढ्याकडची पट्टी, झाडांसकट, लोंढ्याच्या वाटेसाठी गावास देत आहे. माझ्या मरणाची वाट पाहू नये. मी ठणठणीत आहे आणि जमीन गोठायला फार दिवस उरले नाहीत. खोदाई याच आठवड्यात सुरू करावी. दिलोवरने तिथे घर बांधण्याचा बेत सोडावा. कुरकुर केल्यास गायही सबोहतला.

४. सोबतच्या पुरचुंडीत अकरा बिया आहेत. ज्यांच्या त्यांना परत कराव्यात.

सही: खोलमुरोद
सफेददरा, १४ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार:

इनोयत, शाळामास्तर. दांडा आधीच तडकलेला होता.

सबोहत. अकरा नाही काका, तेरा. मी समोरच बसले होते. तेव्हा बोलले असते तर तुम्ही हट्टाला पेटला असता आणि जमीन कधीच सुटली नसती. उद्या सकाळी कुदळ घेऊन या. चहा मी देईन. बिया मिळणार नाहीत.